मंजुळावहिनींची पाहणी

त्या पंधरा दिवसांत मंजुळावहिनींनी आमच्या बिल्डिंगचा जिना अकरा वेळा झाडला. मी मोजलंय. मी तळमजल्यावर जिन्याला लागूनच राहतो, इलेक्ट्रिक फिटिंगची कामं करतो, म्हणजे काम आलं तर करतो, आणि उरलेला वेळ दारात खुर्ची टाकून कोपरीतल्या जनतेची ये-जा बघतो. आमची बायको नंदा याला रिकामटेकडेपणा म्हणते. मी त्याला लक्ष ठेवणं म्हणतो.

जिना झाडायचं कारण मोबाईलवर आलेला एक मेसेज. 'आपल्या उद्योगाची प्रत्यक्ष पाहणी पुढील पंधरा दिवसांत कोणत्याही कामकाजाच्या दिवशी करण्यात येईल.' आता कोणत्याही दिवशी म्हणजे कधी, हे सांगायला काय जात होतं यांचं? पण नाही. तेव्हापासून वहिनी बसल्या की उठायच्या. मशीनवर पाय ठेवायच्या, चार टाके घालायच्या, मग गॅलरीत येऊन खाली बघायच्या. खाली मी. मी मान हलवून सांगायचो, नाही आला कोणी. की परत आत. दुपारची झोप बंद, बाजारात जाणं बंद, आणि एक दिवस तर अंघोळीला जाताना त्यांनी मला निरोप पाठवला, की साहेब आले तर पाच मिनिटं बोलण्यात गुंतवा. मला बोलण्यात गुंतवायला सांगणं म्हणजे काय, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

मंजुळावहिनी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या हिवराळे. वय पंचेचाळीस, अंगाने सडपातळ, चालणं असं की जिन्यावरून उतरताना चपला मागे राहतात की काय वाटावं. शिवणकाम करतात म्हटलं की नवीन आलेल्या बायका ब्लाऊजचं कापड घेऊन वर जातात आणि तसंच घेऊन खाली येतात. वहिनी ब्लाऊज शिवत नाहीत. त्या बस्ते शिवतात. सरकारी कचेरीत कपाटावर, कपाटाखाली आणि कपाटाच्या आड कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात ना, त्या गठ्ठ्यांचं ते कापड. चौकोनी तुकडा, चारी बाजूंनी दुमड, एका कोपऱ्याला लांब नाडी. लाल, हिरवं, पिवळं नाहीतर पांढरं. लाल कापडातले कागद कायमचे जपायचे, पांढऱ्यातले वर्षभरात रद्दीला, हिरवे-पिवळे त्यांच्या मधले. हे मला वहिनींनीच सांगितलं. तेव्हापासून मी बिल्डिंगमधल्या माणसांनाही रंग देतो. माझा रंग कुठला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला बांधायला नाडी पुरायची नाही, परशुभाऊ."

बारा वर्षं त्या हे बस्ते कल्याणच्या एका व्यापाऱ्यासाठी शिवत होत्या. बाहेरच्या खोलीत तीन मशीन, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आतल्या बाजूला स्वयंपाकघर. एका मशीनवर स्वतः, बाकी दोन मशीनवर दोन बायका. त्यातली रसिका दिव्याहून येते. तिच्याकडे नळाला पाणी आलं की तिला उशीर होतो, नाही आलं की आणखी उशीर होतो.

आता शेठ. शेठ म्हणजे वहिनींचा नवरा राजरत्न, माझा जुना दोस्त. वागळे इस्टेटला एका कंपनीत सुपरवायझर होता. कंपनी बंद झाली आणि हा दोन महिने गॅलरीत उभा. कोणी खालून हात केला तरी घड्याळ बघायचा, जणू निघायचंच आहे. त्याच्याकडे बघवायचं नाही. मग एक दिवस वहिनींनी पाटी रंगवून आणली, 'राजरत्न वस्त्रोद्योग', खाली त्याचा मोबाईल नंबर. माणसाला चारचौघांत काय करता विचारलं तर सांगायला काहीतरी हवं ना, एवढंच त्या नंदाला म्हणाल्या होत्या. जिन्यापाशी पाटी लागल्यावर राजरत्नने शर्टाला इस्त्री करायला सुरुवात केली. फोन घ्यायला लागला, टेम्पोत माल घालून कल्याणला पोचवायला लागला. बाकी सगळं वहिनी. म्हणून मी त्याचं नाव शेठ ठेवलं. चिडवायलाच ठेवलेलं. पण रसिका शेठ म्हणायला लागली, किराणावाला शेठ म्हणायला लागला, आणि पुढे पुढे शेठ ओ द्यायला लागला.

हे चाललं असतं तसंच, पण एका नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूमसाठी सहा हजार बस्त्यांची खरेदी निघाली, आणि ती बायकांच्या उद्योगांसाठी राखीव. कल्याणच्या व्यापाऱ्याने लगेच अर्ज टाकायची तयारी केली, कारण त्याच्या बायकोच्या नावावर महिला उद्योगाचा दाखला आहे. ती बाई दुकानात एकदाच आलेली, उद्घाटनाला, आणि नारळ तेव्हाही नवऱ्यानेच फोडलेला. माल पोचवायला गेलेल्या राजरत्नला त्या व्यापाऱ्याने हसत हसत सांगितलं, की तयारीला लागा, मोठं काम येतंय. राजरत्नने घरी येऊन तसंच सांगितलं. वहिनींनी म्हणे हातातला बस्ता शिवून पुरा केला. मग लेकीला म्हणाल्या, हा दाखला कुठे मिळतो ते बघ.

लेक अमृता कॉलेजात शिकते, कल्याणलाच. तिने उद्यम नोंदणी मोबाईलवर बसल्या बसल्या करून दिली. पण या खरेदीत उतरायला वरून आणखी एक पडताळणीचा दाखला लागत होता. नावापुरत्या बायका फार झाल्यात, म्हणून आता ऑफिसचा माणूस घरी येऊन बघणार, उद्योग खरंच बाईचा आहे का. वहिनींना याचं नवल वाटलं. जातीचा दाखला काढताना आजोबांच्या शाळेचा कागद आणायला बाप गावी गेलेला, ते त्यांना आठवलं. म्हणाल्या, "तेव्हा मी कोण ते आजोबांनी सांगितलं. आता कोण सांगणार?"

गोष्ट साधी होती. दाखला आला, तर बस्त्याच्या कोपऱ्यावर पहिल्यांदा वहिनींच्या नावाची पट्टी लागणार. नाही आला, तर तेच सहा हजार बस्ते कल्याणहून फिरून वहिनींच्याच मशीनवर येणार, आणि पट्टी त्याच्या बायकोच्या नावाची. अर्ज टाकायची शेवटची तारीख महिनाअखेरच्या शुक्रवारची.

तर पाहणीची तयारी. वहिनींनी वहीचे दोन कागद फाडले आणि त्यावर प्रश्न आणि उत्तरं लिहून काढली. कापड कुठून आणता, एका बस्त्याला किती लागतं, मांजरपाट का वापरता, नाडीला दुहेरी शिवण का, बायका किती, मशीन किती. अक्षर बारीक, एकेका उत्तरावर दोनदा खाडाखोड. आणि हे कागद त्यांनी राजरत्नला पाठ करायला दिले.

वाचकांनो, इथे जरा थांबा. मी नाही थांबलो, म्हणून सांगतो. रोज संध्याकाळी राजरत्न माझ्या दारात येऊन पाठ म्हणायचा आणि मी परीक्षक. नाडी किती लांब? "सव्वा मीटर." शाबास. मांजरपाट का? "सुताला सूत धरून राहतं, गाठीला फाटत नाही." शाबास. वरून गॅलरीतून वहिनी कान देऊन असायच्या आणि चुकलं की तिथूनच दुरुस्त करायच्या. नंदा भाजी निवडत ऐकायची. चार शहाणी माणसं, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही, की दाखला बाईचा आणि परीक्षेला बसतोय बुवा. साहेब घरी आले की घरचा पुरुष समोर बसणार आणि बोलणार, बाई चहा टाकणार. त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

बाराव्या दिवशी साहेब आले. वयाने माझ्या पुतण्याएवढे, पाठीला बॅग, गळ्यात कार्ड, कार्डावर सलिल एवढं मला वाचता आलं. गेटात उभं राहून त्यांनी विचारलं, हिवराळ्यांचा उद्योग कुठे?

म्हटलं, वर या ना, शेठ आहेत.

कोण शेठ, म्हणाले. मग मी गुंतवायला लागलो. मला तसं सांगितलेलंच होतं. म्हटलं, राजरत्न शेठ, बारा वर्षं झाली, त्यांच्या कृपेने आमच्या बिल्डिंगमध्ये फडक्याला कधी तोटा नाही. एकेका वाक्याला ते मान हलवत होते आणि मोबाईलवर काहीतरी टिपत होते. मला वाटलं, पोरगा चांगला आहे, ऐकून घेतो.

वर काय झालं ते मी दारातून पाहिलं, कारण साहेबांची बॅग उचलायचं निमित्त करून मीही वर गेलेलो. राजरत्न इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर. वहिनी नवी साडी नेसून तयार, पण साहेब टेकतात न टेकतात तोच आत, चहाला. राजरत्न असा काही बोलला की काय सांगू. एक अक्षर चुकलं नाही. सव्वा मीटर, सुताला सूत, दुहेरी शिवण. मशीनकडे हात करून दाखवत होता जणू रात्रंदिवस त्यावरच बसतो. साहेबांनी मध्येच आत बघून विचारलं, मॅडम, महिन्याला साधारण किती माल निघतो? वहिनी चहाचं पातेलं चिमट्यात धरून उभ्या. पदर सावरला आणि म्हणाल्या, "हे सांगतील ना."

ज्या बाईने कापडाच्या दुकानात ठाणभर कापड उलगडायला लावून शेवटच्या वारातला दोष काढलाय, ती बाई हे म्हणाली. साहेब उत्तम चहा प्यायले, पोहे खाल्ले आणि गेले. आम्ही खूश. रसिकाने शेठला टाळी दिली. वहिनींनी त्या दिवशी जिना झाडला नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी मेल आला. अमृताने मोठ्याने वाचला आणि मध्येच आवाज बारीक केला. 'प्रत्यक्ष पाहणी व स्थानिक चौकशीवरून सदर उद्योग अर्जदाराचे पती चालवत असल्याचे दिसून येते. व्यवसायाचे नाव पतीचे आहे. अर्जदार पाहणीवेळी स्वयंपाकघरात होत्या.' हरकत असल्यास सोमवारी सुनावणीला हजर राहावे.

वहिनी रडल्या नाहीत. मशीनवर बसल्या आणि शिवत राहिल्या. नाडी लावून झालेल्या बस्त्याला परत नाडी लावली, ती उसवली, परत लावली. राजरत्न म्हणाला, मी सगळं बरोबर सांगितलं होतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की हो, तेच झालं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, पूर्वीसारखा.

आता स्थानिक चौकशी म्हणजे कोण, हे त्या घरात कोणाला सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं. दोन दिवस मी दारातली खुर्ची आत घेतली. नंदाने विचारलं, बरं नाही का? तिसऱ्या दिवशी मीच वर गेलो आणि गेटातलं सगळं सांगून टाकलं, फडक्यांसकट. वाटलं, कात्री फेकून मारतील. वहिनींनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "तोंड तुमचंच होतं ना? मग सोमवारी तेच तोंड घेऊन यायचं."

सोमवारी आम्ही तिघं स्टेशनचा पूल ओलांडून नौपाड्याच्या बाजूला उतरलो आणि चालतच ऑफिसला गेलो. वहिनी पुढे, आम्ही दोघं मागे, चपला राखत. अकराची वेळ दिलेली. साडेबारा झाले तरी बोलावणं नाही. वहिनी बाकावर बसेनात. खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या, पाटी वाचायच्या, शिपायाला विचारायच्या. तो म्हणायचा, बसा. त्या उभ्याच. तेवढ्यात कपाटावरच्या गठ्ठ्यांकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्या थांबल्या. मला खुणेने बोलावून हळूच म्हणाल्या, "तो लाल दिसतो ना, वरून तिसरा. माझा आहे. नाडीची शिवण बघा." शेजारचे दोन हिरवेही त्यांचेच होते. कोपऱ्यावर पट्टी कल्याणवाल्याची. मी म्हटलं, हे आत सांगूया, याच्यापुढे काय पुरावा हवा? त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, पट्टी त्याची आहे, उगाच खोटी पडेन. मग जरा वेळाने स्वतःशीच पुटपुटल्या, माझी फाईल कुठल्या रंगात बांधतील कोण जाणे.

आत मोठ्या मॅडम होत्या. केस बारीक कापलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, बाजूला तो सलिल. मॅडमनी आमच्याकडे बघितलंच नाही, आधी सगळे कागद वाचले. मग पहिला नंबर माझा. मी कोण, कुठे राहतो, हे झालं.

"तुम्ही यांना शेठ म्हणता?"

"म्हणतो."

"का?"

राजरत्न माझ्या शेजारी उभा होता. इस्त्रीचा तोच शर्ट. वीस वर्षांचा दोस्त. मी जरा इकडे तिकडे बघितलं, पण मॅडम माझ्याकडेच बघत होत्या.

"तो काही करत नाही म्हणून."

आयुष्यात मी इतकं कमी कधी बोललो नाही. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं निदान सलिल हसेल.

मग मॅडम राजरत्नकडे वळल्या. मशीन किती, कापड कुठलं, नाडी किती. तो सांगत गेला, पण पाहणीच्या दिवसाचा जोर नव्हता. मग त्यांनी विचारलं, आमच्याकडे पावसाळ्यात लाल बस्त्याचा रंग कागदांना लागतो, तुमच्या मालाचा लागतो का? लागत नसेल तर त्यासाठी काय करता?

हे कागदावर नव्हतं. राजरत्नने तोंड उघडलं, मिटलं आणि वहिनींकडे बघितलं. वहिनी खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात एकमेकांत घट्ट. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण नवऱ्याला विचारलंय, मध्ये कसं बोलायचं? मग राजरत्नने शर्टाच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले आणि मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"मला एवढंच येतं, मॅडम. हे पण हिने लिहून दिलंय, मी पाठ केलंय. परशुराम म्हणाला ते खरं आहे."

मॅडमनी कागद उलगडले. बारीक अक्षर, खाडाखोड, समासात बाण काढून लिहिलेलं, 'हे नक्की सांगा, विसरू नका.' त्यांनी समोरचा अर्ज काढला, त्यावरची वहिनींची सही आणि हे अक्षर शेजारी शेजारी धरून बघितलं. सलिलनेही वाकून बघितलं आणि परत सरळ बसला.

"रंगाचं उत्तर यात का नाही?"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. बसून बोलणं त्यांना जमतच नाही. "ते मी करते ना मॅडम, यांना कशाला सांगू? लाल कापड आधी धुऊन घेते, पाणी नितळ येईपर्यंत. कधी तीन पाणी लागतात, कधी पाच. मग सावलीत वाळवायचं, कापायचं त्यानंतर, नाहीतर चौकोन तिरका होतो. पिवळ्याला एवढं नाही लागत. हिरव्याचा भरवसा नाही, एका ठाणात एक, दुसऱ्यात दुसरं. म्हणून हिरवं ओलं करून वर्तमानपत्रात दाबून बघते, रात्रभर." आणि मग ज्या सुटल्या त्या थांबेनात. मॅडमच्या टेबलावरच्या गठ्ठ्याची गाठ चुकीची मारलीय, हेही सांगून मोकळ्या झाल्या.

मॅडमनी चष्मा काढला. "पाहणीच्या दिवशी हे का नाही सांगितलंत?"

"साहेब पाहुणे आलेले ना घरी. चहा कोणी केला असता?"

मॅडम सलिलकडे बघून म्हणाल्या, पुढच्या वेळी चहा घ्यायचा नाही. आम्हाला म्हणाल्या, निर्णय कळवू. पाठांतराचे कागद मात्र त्यांनी ठेवून घेतले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. वहिनींनी जिना परत झाडायला घेतला, या वेळी वरून खाली आणि खालून वर. अमृता दर तासाला कॉलेजातून फोन करायची, आला का? बुधवारी वहिनींनी अर्जाचे सगळे कागद भरून ठेवले, फक्त दाखल्याची जागा रिकामी. राजरत्न माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या दारावरून जाताना घड्याळ बघायचा. मी हाक मारायला तोंड उघडायचो, पण हाक शेठ अशीच मारायची सवय, म्हणून परत मिटायचो.

गुरुवारी दुपारी, रसिका नुकतीच आलेली होती, तेव्हा वरून मशीनचा आवाज एकदम बंद झाला. मी वर गेलो. वहिनी मोबाईल हातात धरून उभ्या होत्या. दाखला आला होता. अर्जदार, मंजुळा राजरत्न हिवराळे, महिला मालक, पडताळणी पूर्ण. त्यांनी तो दोनदा वाचला, मग रसिकाला वाचायला दिला, मग म्हणाल्या उद्याची तारीख आहे, चला, बसू नका.

शुक्रवारी अर्ज गेला. मिळेल न मिळेल ते पुढे कळेल. वहिनी अजून बसलेल्या नाहीत.

शनिवारी राजरत्न माझ्या दारात उभा. म्हणाला, "परश्या, स्क्रू ड्रायव्हर दे." मी दिला आणि न विचारता शिडीही धरली. त्याने पाटीचे चारी स्क्रू काढले, पाटी खाली घेतली, फडक्याने पुसली. मागची बाजू कोरी आहे, हिच्यावरच तिचं नाव लिहितो, म्हणाला, नवी पाटी कशाला. वरून वहिनी म्हणाल्या, की आधी अक्षरांचं माप घ्या, मागच्या वेळी 'उद्योग' कोपऱ्यात दाबला गेलेला. तो मापाची पट्टी आणायला माझ्या घरात निघाला.

तेवढ्यात गेटात कुरिअरवाला. कल्याणचं पाकीट घेऊन नेहमी येतो तोच. "काका, शेठ आहेत का?"

राजरत्न दारातच थबकला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"आहेत ना," मी म्हटलं. "मशीनवर बसल्यात. वर जा, पण चहा मिळायचा नाही."